खाडीची वाट आणि कोकणी मुसलमानांचा इतिहास

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा घाटावरून सुरुवात करतो. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, मग दौलताबाद, गुलबर्गा, बिदर, अहमदनगर, विजापूर. सुलतान, त्यांच्या फौजा, त्यांचे किल्ले आणि तह. हा इतिहास महत्त्वाचा आहेच. पण एवढेच वाचून पुस्तक मिटले, तर मुसलमान या भूमीत फक्त घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन आला, असा समज होतो. हा समज करून देणारे आणि करून घेणारे, दोघेही आज भरपूर आहेत.

कोकणचा मुसलमान मात्र या चौकटीत बसत नाही. तो घाट उतरून आलेला नाही, खाडी चढून आलेला आहे. देवगिरीच्या स्वारीआधी जवळपास चारशे वर्षे त्याची वस्ती कोकण किनाऱ्यावर नांदत होती आणि ती कुठे नांदत होती हे पाहिले, तर तिचा इतिहास निम्मा समजतो. दाभोळ, बाणकोट, म्हाप्रळ, आंबेत, दासगाव, गोवळकोट, कालुस्ते, जैतापूर. नकाशा उघडून ही गावे शोधा. सगळी खाडीच्या काठावर सापडतील. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅ. ए. आर. अंतुले ज्या आंबेतचे, तेही सावित्रीच्या खाडीकाठचेच गाव.

ही गावे पाण्याला चिकटून का वसली, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी खाडी समजून घ्यावी लागते.

खाडी हा रस्ता होता

सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आहेत. उगमापाशी त्या कड्यावरून कोसळतात आणि थोड्याच अंतरात सपाटीला लागतात. सपाटीवर आल्यावर समुद्र त्यांना भेटायला आत येतो. भरतीचे खारे पाणी नदीच्या पात्रात कित्येक कोस वर चढते आणि ओहोटीला परत जाते. नदीचा हा भरती-ओहोटीचा पट्टा म्हणजे खाडी. वाशिष्ठीत दाभोळपासून चिपळूणच्या परिसरापर्यंत असा पट्टा सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. सावित्रीत बाणकोटपासून महाडच्या बाजूला साधारण तेवढाच. अंबा नदीत नागोठण्यापर्यंत, कुंडलिकेत रोह्यापर्यंत, शास्त्री नदीत संगमेश्वराच्या बाजूला आणि अर्जुनेत राजापूरपर्यंत ही वाट जात असे.

आता या गावांची नावे पुन्हा वाचा. महाड, चिपळूण, नागोठणे, रोहा, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण, पनवेल, कल्याण. कोकणातील जुन्या बाजारपेठांची ही जवळजवळ पूर्ण यादी झाली. यातले एकही गाव उघड्या समुद्रावर नाही. भरतीचे पाणी जिथे संपते किंवा गलबताला पुरेनासे होते, नेमक्या त्या ठिकाणी हे बाजार उभे राहिले. गलबत तिथवर येई. पुढे बैलांचे तांडे माल उचलत आणि घाट चढत. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नर, चिपळूणहून कुंभार्लीने कऱ्हाड, महाडहून वरंध्याने भोर. घाटावरचा गूळ, कापूस, मिरची खाली येई. खालचे मीठ, सुकी मासळी, नारळ, खजूर, परदेशी कापड वर जाई.

म्हणजे कोकणच्या अर्थव्यवस्थेला दोन पाय होते, एक बैलाचा आणि एक गलबताचा. बैलाचा पाय प्रामुख्याने बंजारा-लमाणांनी सांभाळला. गलबताचा पाय कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी आणि कोकणी मुसलमानांनी मिळून सांभाळला. 'मिळून' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. त्याचे कारण पुढे येईल.

चंद्राच्या तारखेवर चालणारी गाडी

खाडीतून जाणे हे समुद्रातून जाण्यापेक्षा वेगळे कसब आहे. समुद्रात वारा मुख्य, खाडीत पाणी मुख्य. मुखापाशी थांबायचे, भरती लागली की शीड उभारून आत शिरायचे. वाऱ्याने साथ दिली नाही तरी पाणी स्वतःच गलबताला वर ढकलत नेते. दोन बाजूंना कांदळवन, मध्ये वाळूचे दांडे, कुठे खडक. पात्र रुंद दिसले तरी खोल पाण्याची पट्टी अरुंद असते आणि दर पावसाळ्यानंतर ती थोडी सरकते. भरती संपली की नांगर टाकायचा. ओहोटीला होडी चिखलात टेकून बसली तरी चालावे, म्हणून तिचा तळ त्या बेताचा. सहा तासांनी पुन्हा पाणी फिरले की पुढची मजल. उतरताना हाच हिशेब उलटा. जड माल असला की चिपळूण किंवा महाड एका भरतीत गाठणे अवघडच, दोन-तीन भरत्या लागत.

या प्रवासाचे वेळापत्रक आकाशात असे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यावरून किनाऱ्यावर एक सोपे गणित रूढ झाले. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती साडेसातच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्या वेळी पाणी सर्वांत वर चढते आणि जड गलबते याच दिवसांत आत आणली जात. अष्टमीच्या आसपास भांग, त्या वेळी पाणी सुस्त. हे गणित मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला जुळते. इतर मुखांना थोडा फरक पडतो आणि खाडीत जितके वर जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. ही वजाबाकी-बेरीज ज्याच्या डोक्यात पक्की, तो तांडेल.

इथे मला एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. हिजरी महिना चंद्राचाच असतो. चंद्रकोर दिसल्यावर तो सुरू होतो, म्हणून हिजरी तारीख तिथीच्या साधारण एक-दोन दिवस मागे चालते, एवढाच फरक. त्यामुळे खाडीतल्या मुसलमान तांडेलाला पंचांगाची आणि हिंदू तांडेलाला हिजरी कॅलेंडरची गरज नव्हती. दोघेही एकाच चंद्राकडे पाहून एकाच वेळी नांगर उचलत. माझ्या ओळखीचे एक वृद्ध चाचा, तरुणपणी मचव्यावर होते. आजही रमजानचा कितवा रोजा आहे हे कळले की बोटांच्या पेरांवर मोजून ते भरतीची वेळ सांगतात. शाळेत ते कधी गेले नाहीत. हे त्यांचे खगोलशास्त्र.

चौल आणि चिंचणी

आता कागदावरच्या आणि ताम्रपटावरच्या पुराव्यांकडे वळू.

अरब आणि कोकण यांचा संबंध इस्लामपूर्व काळापासूनचा आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणचा उल्लेख येतो. इस्लामनंतर आलेल्या पहिल्या नोंदींत एक नोंद स्वारीचीही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. सातव्या शतकात ठाण्यावर एक अरबी आरमारी मोहीम आल्याचे बलाझुरी हा इतिहासकार लिहितो. ही मोहीम खलिफा हजरत उमर यांना पसंत पडली नाही, हेही तोच लिहितो.

स्वारी आली आणि गेली, वस्ती मात्र व्यापाऱ्यांची झाली. इ. स. ९१६ मध्ये, म्हणजे हिजरी ३०४ मध्ये, बगदादचा प्रसिद्ध प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसऊदी 'सैमूर'ला आला. सैमूर म्हणजे कुंडलिका खाडीच्या मुखावरचे आपले चौल. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक होते आणि 'बयासिरा' म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेलेही होते. मशिदी होत्या. त्यांच्यातलाच एक जण त्यांचा प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत आणि त्याला नेमण्याचा अधिकार स्थानिक राजाचा असे. हा काळ राष्ट्रकूटांचा. उत्तर कोकणात त्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करत होते. हिंदू राजाने मुसलमान प्रजेसाठी मुसलमान प्रमुख नेमावा आणि त्याने त्यांच्या रीतीप्रमाणे न्याय करावा, ही व्यवस्था हजार वर्षांपूर्वी आपल्या रायगड जिल्ह्यात चालत होती.

याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा आहे. तिथे शेतात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. संस्कृत भाषेतल्या या पटात राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या एका अधिकाऱ्याचे वर्णन आहे. संजाणच्या आसपासचा 'संयान मंडल' हा प्रांत त्याच्या ताब्यात होता. हा अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब होता. त्याचे नाव पटात 'मधुमती' असे येते. हे 'मुहम्मद'चे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात.

या मुहम्मदाने काय केले? त्याने बंदरांवरचे सरदार सम्राटाच्या अधीन आणले, असे पट सांगतो. ते कोणत्याही सुभेदाराचे कामच होते. पण पुढे पट सांगतो की त्याने दोन नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य तरीची सोय केली आणि एक अन्नछत्र चालवले, जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. शिवाय एका मठासाठी जमिनीचे दान देण्यात त्याचा पुढाकार होता. त्या मठात भगवती देवीची पूजा होत असे.

मी हा पट पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या फुकटच्या तरीपाशी बराच वेळ थांबलो. खाडीच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसालाच कळेल की लोकांची खरी अडचण कोणती. समोरचा गाव डोळ्यांना दिसतो, हाक मारली तर ऐकू जाते, पण पाणी आडवे. वळसा घालून जायचे तर दिवस मोडतो. तरीचे पैसे नसतील तर माणूस काठावरच बसून राहतो. या प्रदेशातला एक मुसलमान अधिकारी हजार वर्षांपूर्वी राज्यकर्ता म्हणून लोकांच्या स्मरणात कशासाठी राहिला, तर खाडी ओलांडून देण्यासाठी. आपल्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला दोन ओळींची जागा मिळायला हरकत नसावी.

दाभोळ : वैभव आणि राख

बहमनी आणि नंतर आदिलशाही काळात वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ कोकणातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक झाले. दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे हवे असत आणि ते समुद्रमार्गे येत. रशियन व्यापारी अफनासी निकितीन इ. स. १४६९ मध्ये चौलला उतरला आणि परतीच्या प्रवासाला दाभोळहून निघाला. दाभोळ हे फार मोठे बंदर असून तिथे इजिप्त, अरबस्तान, खुरासान अशा ठिकाणांहून घोडे येतात, असे तो लिहितो.

हाच निकितीन आपल्याला दुसरीही बाजू दाखवतो. त्याने एक घोडा विकायला आणला होता. जुन्नरच्या खानाने तो जप्त केला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत, नाही तर वर दंड, असे बजावले. शेवटी एका खुरासानी मुसलमानाने रदबदली करून त्याची सुटका केली आणि घोडाही परत मिळवून दिला. धर्माच्या नावाने अडवणूक करणारा मुसलमान आणि त्यातून सोडवणारा मुसलमान, दोघेही एकाच गोष्टीत भेटतात. इतिहास असा दोन्ही हातांनी घ्यावा लागतो.

डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडाने दाभोळ जाळून टाकले. समुद्रावरची सत्ता कुणाची, हा प्रश्न तोफांनी सुटू लागला होता. व्यापारी जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घेतल्याशिवाय फिरणे धोक्याचे झाले. दाभोळ त्यानंतर पुन्हा उभे राहिले. काठावरची आदिलशाही घाटाची देखणी मशीद सतराव्या शतकातली आहे, म्हणजे त्या आगीनंतर दीडशे वर्षांनी बांधलेली. पण उघड्या समुद्रावरचा हुकूम परक्याच्या हाती गेला, तो पुढची साडेचार शतके पुरता परत आला नाही. खाडीत मात्र तो कधीच चालला नाही. मोठ्या जहाजांना खाडी मानवत नाही.

उथळ पाण्याचा फायदा

ही गोष्ट ज्याने नीट ओळखली तो राजा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर त्यांच्या आरमाराची पायाभरणी झाली. या आरमारात कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी एकत्र होते. दौलतखान हा त्यातला एक प्रमुख अधिकारी.

इ. स. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचे खांदेरी बेट तटबंदीसाठी घेतले, तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराची आणि 'रिव्हेंज' या इंग्रजी जहाजाची लढाई झाली. खुल्या पाण्यात तोफांपुढे मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली. ती मागे फिरली ती नागोठण्याच्या खाडीत. तिथे इंग्रजी जहाजांना पाठलाग करता येईना. मराठ्यांच्या होड्यांना पाणी कमी लागे आणि वारा पडला तरी त्या वल्ह्यांवर चालत. पुढच्या काळात रात्रीच्या अंधारात याच होड्या खाडीतून बाहेर पडून खांदेरीला रसद पोहोचवत राहिल्या. शेवटी खांदेरी महाराजांकडेच राहिले.

या लढाईला 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असा रंग देताच येत नाही. मराठ्यांच्या बाजूने दौलतखान होता. विरोधात इंग्रज आणि नंतर जंजिऱ्याचा सिद्दी. सिद्दीच्या गलबतांवरही स्थानिक खलाशी होते. कोण कुणाच्या बाजूने लढला हे चाकरीने आणि राजकारणाने ठरले. खाडी कशी चालवायची, हे ज्ञान सगळ्यांचे सामाईक होते.

बोलीत उरलेला पुरावा

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. भाषेच्या शिक्षकाला ताम्रपटाइतकाच विश्वासार्ह पुरावा शब्दांत सापडतो.

एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर मी दोन रकाने आखले. एकीकडे बंदर, दर्या, जहाज, खलाशी, नाखवा, सारंग, सुकाणू, गुराब, मोसम. दुसरीकडे खाडी, भरती, ओहोटी, उधाण, शीड, वल्हे, डोलकाठी, होडी, तांडेल. मुलांना विचारले, यातले उर्दू कोणते आणि मराठी कोणते? एक मुलगी म्हणाली, "सर, सगळेच आमच्या घरातले आहेत."

तिचे उत्तर बरोबर होते. पहिल्या रकान्यातले शब्द फारसी-अरबी मुळाचे आहेत. नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. सारंग म्हणजे 'सरहंग'. सुकाणूच्या मुळाशी अरबी 'सुक्कान', मोसमच्या मुळाशी 'मौसिम'. गुराब हे लढाऊ गलबत, त्याचा अरबी अर्थ कावळा. पण आज कोळीगीतांतला नाखवा हिंदू असतो आणि त्याला आपण फारसी शब्दाने हाक मारतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही. उलट मुसलमान खलाशांनी तांडेल, शीड, उधाण हे शब्द आपले म्हणूनच वापरले. ब्रिटिश जहाजांच्या नोंदींत हिंदी खलाशांची 'सेरंग' आणि 'टिंडल' अशी पदे येतात. एक फारसी, एक देशी, दोन्ही एकाच डेकवर.

मला सर्वांत जवळचा शब्द आणखी वेगळा आहे. हिंदी महासागरात वाट दाखवणाऱ्या जाणकाराला अरबीत 'मुअल्लिम' म्हणत. गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावर त्याचे 'मालम' झाले. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. ज्याला पाण्याखालचे दिसते आणि जो दुसऱ्याला सुखरूप नेतो, तो मुअल्लिम. या पेशात मी आहे याचा त्या दिवशी मला थोडा अभिमान वाटला, तो लपवत नाही.

वाट बुजत गेली

खाडीची वाट एका दिवसात बंद झाली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग झाला आणि घाटावरचा माल कल्याण-पनवेलच्या धक्क्यांना न लागता थेट मुंबईत उतरू लागला. दक्षिणेकडच्या खाड्या यातून बऱ्याच वाचल्या, कारण तिकडे रेल्वे आलीच नाही. तिथे आगबोटी मोठ्या बंदरांना लागत आणि आतल्या गावांना लहान होड्या आणि पुढे लाँच माणसे-सामान पोहोचवत.

दुसरे कारण गाळ. डोंगरावरची जंगले तुटली, माती पावसाबरोबर खाली आली आणि पात्रे भरत गेली. राजापूरच्या जुन्या धक्क्यापर्यंत मोठी गलबते येईनाशी झाल्याचे एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्येच नोंदलेले आहे. मग मोटारीचे रस्ते, पूल आणि शेवटी २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झालेली कोकण रेल्वे. प्रत्येक सुधारणा हवीच होती. तरीवर अडलेल्या बाळंतिणीच्या गोष्टी ज्या घरांत सांगितल्या जातात, तिथे पुलाला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण वाट बंद झाली तेव्हा त्या वाटेवरच्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाने विचारायला हवा. खाडीतला तांडेल मुंबईच्या गोदीत गेला. तिथून परदेशी आगबोटींवर 'लस्कर' म्हणून. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशांचा मोठा भरणा असे. पुढची पिढी पूर्व आफ्रिकेत, त्या पुढची आखातात. घरे पक्की झाली, शिक्षण आले, ही बरकत आहे. मात्र खाडी परसात राहिली आणि मुलांची तिच्याकडे पाठ झाली. आज महाड आणि चिपळूणची नदी आपल्याला आठवते ती पुरापुरती. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा. जी नदी शेकडो वर्षे गावाचा बाजार होती, ती आता गावाची भीती झाली आहे.

इंग्लंडने काय केले

हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात कालव्यांचे जाळे खोदले गेले. अनेक कालव्यांचे दरवाजे जेमतेम सात फूट रुंद, म्हणून त्यांवर चालणारी होडीही तेवढीच अरुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. तिला 'नॅरोबोट' म्हणतात. कोळसा, चिनी माती, कापूस वाहणाऱ्या या होड्यांवर अख्खी कुटुंबे राहत. रेल्वेने त्यांचाही धंदा हळूहळू संपवला आणि कालवे गाळाने भरू लागले.

तिथे १९४६ मध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' स्थापन केली. हौशी लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः चिखल उपसला, दरवाजे दुरुस्त केले. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग एक धर्मादाय संस्था सांभाळते आणि लोक नॅरोबोटी घेऊन महिनोन्महिने फिरतात. काही जण तर कालव्यातून बाहेर पडून सेव्हर्न नदीच्या खाडीतूनही जातात. तिथली भरती जगातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी एक आहे. अशा वेळी ते भरतीचे कोष्टक पाहतात, मुखापाशी पाण्याची वाट पाहतात आणि वाट माहीत असलेला एक स्थानिक जाणकार सोबत घेतात. म्हणजे आपल्या भाषेत, एक मालम.

आपल्याकडेही २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत दाभोळ-वाशिष्ठी, सावित्री, अंबा, कुंडलिका, शास्त्री-जयगड आणि कल्याण-ठाणे-मुंबई या आपल्या खाड्या आहेत. त्यांवर पुढे बार्ज चालतील, पर्यटकांच्या होड्याही चालतील. चालाव्यात. पण त्या खाड्यांना फक्त क्रमांक मिळून भागणार नाही. खोल पाणी कुठून जाते, उधाणाला कोणता दांडा बुडतो, हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे ते लोक अजून काठावर आहेत. त्यांना या योजनेत जागा आहे का, हे विचारले पाहिजे.

आपल्या हातात काय आहे

वर्गात मुले विचारतात, "सर, आपण कुठून आलो?" हल्ली या साध्या प्रश्नात एक धास्ती मिसळलेली असते, कारण बाहेर हाच प्रश्न त्यांना दुसऱ्या सुरात विचारला जातो. मी त्यांना उपदेश करत नाही. नकाशा उघडतो आणि खाडीवर बोट ठेवतो. कुणाचे पूर्वज समुद्रावरून आले, कुणाचे इथलेच होते आणि पुढे मुसलमान झाले, बहुतेकांचे दोन्ही. हजार वर्षे त्यांनी याच पाण्यावर शेजाऱ्यांच्या सोबतीने वल्हे मारले. एवढे समजले की उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही.

मात्र हा इतिहास सांगायला ताम्रपट आणि अरबी ग्रंथ पुरेसे नाहीत. त्याचा मोठा भाग अजून लिहिलेलाच नाही. तो ऐंशी-नव्वदीच्या घरातल्या माणसांच्या आठवणीत आहे आणि दर वर्षी त्यातला काही भाग आपण दफन करतो आहोत. म्हणून वाचकांकडे एक मागणे आहे. घरात किंवा मोहल्ल्यात, शेजारच्या कोळीवाड्यातसुद्धा, कुणी खाडीवर काम केलेले असेल तर त्यांच्यापाशी बसा. त्यांच्या गलबताचे नाव काय होते? त्यात काय भरत? नाखवा कोण, तांडेल कोण, खलाशी कोणत्या गावचे? खाडीतल्या वळणांना, डोहांना, वाळूच्या दांड्यांना काय नावे होती? भरतीची वेळ कशी काढत? त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, सुधारू नका. मोबाईलमध्ये आवाज भरून ठेवला तर आणखी उत्तम. तारीख टाका, गावाचे नाव टाका.

माझ्या वर्गातल्या मुलांनी असे लिहायला सुरुवात केली आहे. एका वहीत आजवर खाडीच्या एकाच वळणाची तीन नावे जमली आहेत. एक मराठी, एक कोकणी बोलीतले आणि एक कोणत्या भाषेतले आहे ते मला अजून उलगडलेले नाही. कुणाला उलगडले तर जरूर कळवावे.